पारदर्शक साबण

पारदर्शक साबण : ज्या साबणातून प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो, त्यास पारदर्शक साबण म्हणतात. सु. ६ मिमी. जाडीच्या कापाखाली ठेवलेली ठळक छापील अक्षरे वाचता आली, तर साबण पारदर्शक मानावा, असा या व्यवसायातील जुना संकेत आहे. अशा साबणात बहुधा ग्लिसरीन असते. म्हणून त्यास व्यवहारात ‘ग्लिसरीन साबण’ असेही म्हटले जाते. तथापि ही दोन नावे समानार्थी नाहीत. ग्लिसरीन राखलेला साबण अपारदर्शक असू शकतो आणि केवळ अल्कोहॉल व साखर यांच्या साहाय्यानेही साबण पारदर्शक करता येतो. पारदर्शकता हा भौतिक गुण आहे, शुद्धता हा रासायनिक आणि सौम्यता हा त्वचेच्या संदर्भात ठरणारा गुण आहे. हे तीन गुण एकच होत, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिच्या घडणीत रसायनशास्त्राइतकाच जाहिरातकलेचाही वाटा आहे.

इतिहास : इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातून लंडनला आलेल्या अँड्रू पेअर्स या केशकर्तनकाराने १७८९ मध्ये सोहो भागातील जेरार्ड स्ट्रीट येथे आपले दुकान थाटले. त्याचे गिऱ्हाईक श्रीमंत वस्तीतील होते. त्या काळी गोरी, नाजूक कांती हे उच्च कुळाचे लक्षण समजले जाई. उन्हाने रापलेला चेहरा शेतात राबणाऱ्यांचा. अशी कांती मिळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेपांत व पुडींत शिसे आणि आर्सेनिक यांची विषारी संयुगे असत. साबणही तीव्र क्षारयुक्त व ओबडधोबड असत. या दोहोंनी बिघडलेली त्वचा झाकण्याचे काम पेअर्सकडे येई. त्यातूनच कमी दाहक साबण बनविण्याचा उद्योग त्याने आरंभिला. नेहमीच्या साबणातील अशुद्ध द्रव्ये काढून टाकून त्याने १८०७ च्या सुमारास अंबरी रंगाची, आरपार दिसणारी, बागेतील फुलांचा मंद वास असलेली वडी तयार केली. नकली मालापासून आपला माल वेगळा ओळखता यावा म्हणून तो प्रत्येक वेष्टनावर स्वतःच्या हाताने सही करी, असे सांगतात.

या प्रयोगास सिद्धांताचा आधार नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साबण म्हणजे नेमके काय, हे १८०७ मध्ये कोणासच ठाऊक नव्हते. कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल व मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) तापवून एक गोड, दाट द्रव मिळविला होता. मीशेल यूझेन शव्हरल (१७८६–१८८९) या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ पासून चरबीवर केलेले संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तेल व चरबी ही वसाम्ले आणि शेलेचा गोड द्रव यांची संयुगे असून क्षाराच्या क्रियेने ती फुटतात, वसाम्लांचे लवण म्हणजे साबण बनतो व गोड द्रव मोकळा होतो, असे त्याने दाखविले. ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने या द्रवास ‘ग्लिसरीन’ हे नाव दिले. सामान्यतः जेवढी चरबी किंवा तेल साबणात रूपांतरित होते, त्याच्या वजनाच्या सु. १० टक्के ग्लिसरीन मिळते. म्हणजे साबण करणारा प्रत्येक कारागीर शतकानुशतके नकळत ग्लिसरीनही तयार करीत होता.

परंतु तयार होणारे हे ग्लिसरीन वडीत राहतेच असे नाही. कढईत साबण उकळून झाल्यावर त्यात मीठ टाकले, की साबण वर तरंगतो आणि खाली उरलेल्या खारट क्षारजलात बहुतेक ग्लिसरीन निघून जाते. मोठ्या कारखान्यांत ही रीत सर्रास होती. साबणास अल्कोहॉलात विरघळवून पारदर्शक करण्याच्या पद्धतीत आधी असाच तयार साबण वापरला जाई. तेव्हा आरंभीच्या पारदर्शक साबणात ग्लिसरीन मुबलक होते, असे गृहीत धरणे बरोबर ठरणार नाही. पारदर्शक साबण आणि ग्लिसरीन साबण यांचे उगम वेगळे आहेत. त्यांची गाठ पुढे पडली.

इंग्लंडमध्ये साबणावर १७१२ पासून कर होता. अबकारी अधिकारी साबणाच्या कढयांची झाकणे रात्री कुलूपबंद करीत, इतका बंदोबस्त कडक असे. हा कर १८५३ मध्ये रद्द झाला. पारदर्शक साबणाच्या दृष्टीने त्याइतकीच महत्त्वाची घटना दोन वर्षांनी घडली. पिण्यास अयोग्य केलेले मिथिलेटेड स्पिरिट १८५५ मध्ये करमुक्त झाले आणि अल्कोहॉलाचा विद्रावक म्हणून वापर करणाऱ्या उद्योगांचा खर्च एकदम उतरला. याच दशकात लंडनच्या प्राइस मेणबत्ती कंपनीने बाष्पाच्या साहाय्याने ग्लिसरिनाचे ऊर्ध्वपातन करून ते शुद्ध स्वरूपात बाजारात आणले. औषधविक्रेत्यांनी ते फुटलेले ओठ व भेगाळलेले हात यांवर देण्यास प्रारंभ केला. त्वचा मऊ करणारे द्रव्य म्हणून ग्लिसरिनाची कीर्ती झाल्यावर ते साबणात मुद्दाम मिसळले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या सार्ग कंपनीचे ग्लिसरीन साबण मध्य यूरोपात प्रसिद्ध होते. ग्लिसरिनाने पारदर्शकतेसही मदत होत असल्यामुळे दोन्ही कल्पना एका वडीत सहज सामावल्या.

ग्लिसरिनास दुसरीकडूनही मागणी आली. आस्कान्यो सोब्रेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यापासून नायट्रोग्लिसरीन हे भयंकर स्फोटक बनविले आणि आल्फ्रेड नोबेल (१८३३–९६) यांनी १८६७ मध्ये ते सच्छिद्र मातीत शोषवून डायनामाइटाचे पेटंट घेतले. पूर्वी गटारात सोडले जाणारे साबण कारखान्याचे क्षारजल आता मौल्यवान ठरले. त्यातील ग्लिसरीन वेगळे काढून विकणे हा साबणधंद्याच्या नफ्याचा एक भागच झाला. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) कॉर्डाइट या तोफांच्या दारूसाठी नायट्रोग्लिसरीन लागे. त्यामुळे ब्रिटनमध्ये ग्लिसरीन शासकीय नियंत्रणाखाली आले. जर्मनीत तेले व चरबी यांचा तुटवडा पडल्याने साखरेच्या किण्वनाने ग्लिसरीन मिळविण्याची कोनश्टाइन आणि ल्यूडेके यांची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरावी लागली. हात धुण्याच्या वडीतील ओलावा राखणारे द्रव्य आणि तोफेतील दारू यांचा कच्चा माल एकच होता. आणि युद्धकाळात त्याची वाटणी कशी होणार, याविषयी शंका नव्हती.

पेअर्स कुटुंबाच्या व्यवसायाने १८६२ मध्ये लंडनजवळील आयलवर्थ येथे कारखाना काढला. तथापि या साबणाला जगभर नेले ते टॉमस जेम्स बॅरट (१८४१–१९१४) या पेअर्स कुटुंबाच्या जावयाने. १८६५ मध्ये तो या व्यवसायात आला. आधुनिक जाहिरातीच्या प्रवर्तकांत त्याची गणना होते. त्वचारोगतज्ञ व शल्यचिकित्सक सर इरॅस्मस विल्सन यांची शिफारस, लिली लँग्ट्री या अभिनेत्रीची प्रशंसा आणि हेन्री वॉर्ड बीचर या अमेरिकन धर्मोपदेशकाचे शब्द यांचा त्याने विक्रीसाठी उपयोग केला. जॉन एव्हरेट मिले (१८२९–९६) या चित्रकाराने १८८६ मध्ये आपल्या नातवाचे साबणाचे फुगे सोडतानाचे चित्र काढले होते. त्याचे हक्क विकत घेऊन बॅरटने त्यात पारदर्शक साबणाची वडी घातली. कलाकृती जाहिरातीच्या दावणीला बांधावी काय, यावर त्या वेळी इंग्लंडमध्ये बराच वाद झाला. चित्रातील तो मुलगा पुढे ब्रिटिश नौदलात ॲडमिरल झाला आणि ‘बबल्स’ हे टोपणनाव त्यास जन्मभर चिकटून राहिले. याच कंपनीने १८९७ मध्ये एक शिलिंग किंमतीचा ज्ञानकोश काढला. त्याच्या आवृत्त्या त्यानंतर सु. १२० वर्षे निघत होत्या. साबणाच्या जाहिरातीतून निघालेल्या उपक्रमांत हा सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल.

या जाहिरातींची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. आरपार दिसणारी वडी म्हणजे निर्मळ वडी, निर्मळ वडी म्हणजे निर्मळ त्वचा आणि निर्मळ त्वचा म्हणजे गोरी त्वचा, अशी विचारांची साखळी त्यांत पद्धतशीरपणे गुंफलेली होती. १८८० नंतरच्या काही चित्रांत कृष्णवर्णीय बालक या साबणाने धुतल्यावर गोरे झालेले दाखविले आहे. १८९९ च्या एका अमेरिकन जाहिरातीत ॲडमिरल ड्यूई हात धुताना दिसतात आणि वसाहतींतील लोकांना स्वच्छतेचे धडे देणे हे गोऱ्यांचे कर्तव्य असल्याचे मजकुरात सूचित केले आहे. शास्त्रीय दृष्ट्या हा दावा निराधार आहे. त्वचेचा वर्ण बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या कोशिकांत तयार होणाऱ्या कृष्णरंजकावर अवलंबून असतो आणि पृष्ठभागावरील मळ व तेलकटपणा काढणारा साबण तेथवर पोहोचत नाही. तरीही वर्णभेदाची ही कल्पना साबणाच्या वेष्टनावरून घराघरांत गेली. सोहोतील त्या दुकानात रापलेल्या चेहऱ्याविषयी जी नापसंती होती, तीच साम्राज्याच्या काळात अशी विस्तारली.

हा साबण भारतात १९०२ पासून मिळू लागला. लीव्हर ब्रदर्स या कंपनीने १९१७ मध्ये पेअर्स कंपनी आपल्याकडे घेतली आणि १९३४ मध्ये मुंबईतील शिवडी येथे आपला साबणाचा कारखाना सुरू केला. आंघोळीस उटणे, डाळीचे पीठ आणि केसांस रिठा किंवा शिकेकाई वापरणाऱ्या समाजात विलायती साबणाविषयी मुख्य आक्षेप होता तो त्यातील प्राण्यांच्या चरबीचा. पारदर्शक साबणही परंपरेने चरबीचाच असे. १९२० च्या सुमारास गोदरेज यांनी मुंबईत केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला, तो या पार्श्वभूमीवर. तो पारदर्शक नव्हता. पण चरबीवाचून चांगला अंगाचा साबण होतो, हे त्याने सिद्ध केले. एके काळी आयलवर्थला होणारा तो जुना पारदर्शक साबण आज भारतात तयार होतो.

पारदर्शकतेचे कारण : साधा साबण थंड होताना त्याचे तंतूसारखे स्फटिक बनतात. त्यांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून मोठा असल्याने आणि स्फटिक व त्यांमधील द्रव यांचे प्रणमनांक भिन्न असल्याने प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व वडी पांढरी, अपारदर्शक दिसते. बर्फाचा खडा आरपार दिसतो, पण तोच चुरला की पांढरा दिसतो. येथील प्रकार तत्त्वतः तसाच आहे. अल्कोहॉल, ग्लिसरीन, साखर, सॉर्बिटॉल यांसारखी द्रव्ये विद्रावात असली, की स्फटिकांची वाढ खुंटते आणि ते प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक राहतात. पारदर्शक साबण हा काचेसारखा स्फटिकहीन पदार्थ असावा, असा पूर्वी तर्क होता; परंतु मॅकबेन आणि रॉस यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तो अतिसूक्ष्म स्फटिकांचाच बनलेला असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हा वडीची स्वच्छ झळाळी अशुद्धी काढून टाकल्याची खूण नसून काही द्रव्ये तीत मुद्दाम ठेवल्याची खूण आहे.

जुन्या पद्धतीत चरबी, खोबरेल, एरंडेल आणि काही वेळा राळ यांचा दाहक सोड्याने साबण करून तो गरम अल्कोहॉलात विरघळवीत. एरंडेलातील रिसिनोलेइक अम्लाच्या रेणूत जादा हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याचा साबण सहज विद्राव्य होतो व सावकाश स्फटिकतो. पारदर्शक साबणात एरंडेलाला मान आहे तो यामुळेच. विद्राव गाळून, बराचसा अल्कोहॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवून उरलेला रस साच्यांत ओतीत. कापलेल्या वड्या उबदार खोलीत कित्येक आठवडे वाळवीत ठेवीत. ओतताना काहीशी धूसर असलेली वडी वाळता वाळता निवळते आणि आकुंचन पावून मध्ये खोलगट होते. ओळखीचा तो बशीसारखा आकार कोणा कलावंताने योजलेला नसून वाळण्याचा परिणाम आहे. वेळखाऊ वाळवणीमुळे हा साबण महाग पडे. नंतरच्या काळात अल्कोहॉलाऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल व सॉर्बिटॉल वापरून थेट ओतण्याच्या पद्धती निघाल्या. साबण विशिष्ट तापमानास यंत्रात जोराने मळूनही तो अर्धपारदर्शक करता येतो. घरगुती उद्योगांत वितळवून साच्यात ओतण्यासाठी जे तयार साबण-ठोकळे विकले जातात, त्यांत बहुधा संश्लेषित प्रक्षालकही असतात.

त्वचेवरील परिणाम : बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तर हा मृत, चपट्या कोशिका आणि त्यांना सांधणारी वसाद्रव्ये (सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व वसाम्ले) यांचा असतो. शरीरातील पाणी आत व बाहेरील अपायकारक द्रव्ये बाहेर ठेवणे हे त्याचे कार्य. त्याचा पृष्ठभाग किंचित अम्लीय असतो. पीएच मूल्य सामान्यतः ४·५ ते ५·५. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये या अवस्थेस ‘अम्ल आवरण’ असे नाव दिले. खऱ्या साबणाचा विद्राव याउलट क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य ९ ते १०·५ असते. साबण मळाबरोबर शृंगस्तरातील काही वसाद्रव्येही काढून नेतो, तेथील प्रथिनांना चिकटून ती फुगवतो आणि पीएच वाढवून सेरामाइडे तयार करणाऱ्या एंझाइमांच्या कार्यात अडथळा आणतो. धुतल्यानंतर त्वचा ताणल्यासारखी वाटते ती यामुळे. निरोगी माणसात हा बदल काही तासांत भरून निघतो. तान्ही मुले, वृद्ध व इसबाचे रुग्ण यांच्या बाबतीत तसे खात्रीने म्हणता येत नाही. पारदर्शक साबण हाही साबणच असल्यामुळे त्याला यातून सूट नाही.

मग त्याची सौम्यतेबद्दलची ख्याती निव्वळ कल्पना समजावी काय? तसेही नाही. एक तर अशा वडीत ग्लिसरीन, साखर, पाणी वगैरेंनी बरीच जागा व्यापलेली असल्याने प्रत्यक्ष साबणाचे प्रमाण कमी असते. तितक्याच घासण्यात त्वचेवर कमी साबण जातो. दुसरे म्हणजे ग्लिसरीन स्वतः त्वचेस हितकर आहे. त्याच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात. शिवाय ते त्वचेस परके नाही. तैलग्रंथींच्या स्रावातील वसांचे विघटन होऊन ते तेथे तयार होते आणि ॲक्वापोरीन-३ या प्रथिनाच्या मार्गाने आतूनही शृंगस्तराकडे येते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा शुष्क होते व बाहेरून ग्लिसरीन दिल्यास तो दोष दूर होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मात्र हे गुण त्वचेवर काही काळ राहणाऱ्या मलमातील ग्लिसरिनाचे आहेत. साबणातील ग्लिसरीन पाण्यात पूर्णपणे मिसळणारे असल्याने अंगावरील फेसाबरोबर त्याचा बहुतेक अंश मिनिटभरात मोरीत जातो. जे थोडे उरते त्याने ताण कमी जाणवू शकतो. पण न्हाणे झाल्यावर लावलेल्या साध्या मलमाची बरोबरी ते करू शकत नाही.

बेल्जियममधील एदमों फ्रोमों यांनी तयार केलेला पारदर्शक साबण १९५४ नंतर अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्यात सोड्याच्या जोडीने ट्रायएथॅनॉल अमाइन हा सौम्य क्षारक वापरलेला होता आणि धुतल्यावर तो त्वचेवर फारसा अवशेष ठेवीत नाही, यावर भर होता. त्याच दशकात साबणाऐवजी संश्लेषित प्रक्षालकावर आधारलेल्या व जवळजवळ उदासीन पीएच असलेल्या वड्याही आल्या. फ्रॉश आणि क्लिगमन यांनी १९७९ मध्ये स्वयंसेवकांच्या हातावर साबणाचे विद्राव झाकून ठेवून १८ साबणांची तुलना केली, तेव्हा सर्वांत कमी दाह अशाच एका वडीने झाला. आणि ती वडी पांढरी, अपारदर्शक होती.

भारतात प्रसाधन साबणाची प्रतवारी एकूण वसाद्रव्याच्या टक्केवारीवरून करतात. पहिल्या प्रतीस किमान ७६ टक्के वसाद्रव्य लागते. या मापाने पारदर्शक वडी कमी प्रतीची दिसते. पण वसाद्रव्य कमी असणे हा तिच्या घटकयोजनेचाच भाग असल्याने केवळ या आकड्यावरून तिची पारख करणे योग्य नाही. उलट बाजूने, काही वेष्टनांवर ‘९८ टक्के शुद्ध ग्लिसरीन’ असे छापलेले असते. हा आकडा वापरलेल्या ग्लिसरिनाच्या शुद्धतेचा आहे, वडीतील त्याच्या प्रमाणाचा नव्हे. ९८ टक्के ग्लिसरिनाची वडी उभीच राहणार नाही, कारण ते सामान्य तापमानास दाट द्रव असते.

सुगंधी द्रव्ये, रंग व राळ यांची काही व्यक्तींना ॲलर्जी असते. वडी पारदर्शक असल्याने हा धोका टळत नाही. ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेत असल्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात अशा वडीवर दवासारखे थेंब जमतात. पाण्यात राहिल्यास ती इतर साबणांपेक्षा लवकर लिबलिबीत होते व झिजते. म्हणून ती भोके असलेल्या साबणदाणीत, पाणी निथळेल अशा रीतीने ठेवतात.